कोड लिहिल्याशिवाय मॉडेल कळत नाही?

ब्राउझरमधल्या मॉडेलिंग टूल्सबद्दलची तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: पेशीतल्या क्रियांची गणिती मॉडेलं ब्राउझरमध्येच चालवणारी ही टूल्स म्हणजे खेळणी. विद्यार्थी स्लायडर सरकवतो, आलेख हलतो, आणि समीकरण न बघताच आपल्याला पेशी कळली असं त्याला वाटतं. तुम्ही कॅल्शियमचं मॉडेल पायथनमध्ये स्वतः लिहिलंत, तसंच सगळ्यांनी लिहावं. शिवाय अनुदान संपलं की साइट बंद आणि काम पाण्यात.

समीकरण न बघण्याची भीती खरी आहे. पण तिचं खापर ब्राउझरवर फोडणं मला पटत नाही. एलोविट्झ आणि लाइब्लर या शास्त्रज्ञांनी २००० साली ई. कोलाय जिवाणूत बसवलेला रिप्रेसिलेटर, म्हणजे जनुकांचं कृत्रिम घड्याळ, घ्या. तीन जनुकं, प्रत्येक पुढच्याला दाबतं, तिसरं फिरून पहिल्याला. बायोमॉडेल्स या प्रकाशित मॉडेलांच्या ऑनलाइन संग्रहातून हे मॉडेल उचलून ब्राउझरमध्ये चालवलं की प्रथिनांची पातळी लयीत वरखाली होताना दिसते. आता हिल गुणांक, म्हणजे दाबण्याची क्रिया किती झटक्यात चालू-बंद होते ते सांगणारा आकडा, २ वरून १ वर आणा. लय विरत जाते आणि तिन्ही रेषा एकाच पातळीवर टेकतात. असं का, हे समीकरणात डोकावल्याशिवाय सांगताच येत नाही. मग तेच मॉडेल गिलेस्पीच्या पद्धतीनं, रेणूंच्या क्रिया एकेक करून, कोणती कधी घडेल हे योगायोगावर सोडून चालवा: शिखरं उंचीला आणि अंतराला अनियमित येतात. प्रत्यक्ष पेशींतही लय अशीच अनियमित दिसली होती. पायथनच्या लायब्रऱ्या बसवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात विद्यार्थ्याला हे प्रश्न पडून गेलेले असतात.

आणि कोड हातानं लिहिला म्हणजे मॉडेल विश्वासार्ह झालं, असंही नाही. २०२१ मध्ये बायोमॉडेल्सच्या गटानं ४५५ प्रकाशित मॉडेलं तपासली. जवळपास निम्मी छापील माहितीवरून पुन्हा उभीच करता आली नाहीत. कुठे प्राचलांच्या, म्हणजे समीकरणांतल्या ठरावीक आकड्यांच्या, किमती गायब, कुठे सुरुवातीची स्थिती दिलेली नाही, कुठे समीकरणातच चूक. ही मॉडेलं कुणी स्लायडर सरकवून केलेली नव्हती, शोधनिबंधांत छापून आलेली होती. कुणालाही लगेच चालवून बघता येणारं मॉडेल असेल, तर अशा चुका फार दिवस लपत नाहीत. माझ्या दृष्टीनं या टूल्सची खरी किंमत इथे आहे.

साइट बंद पडण्याचं म्हणाल, तर मॉडेल एसबीएमएल या सामायिक फाइल-स्वरूपात उतरवून ठेवा. टूल गेलं तरी तीच फाइल कोपासी या संगणकावर बसवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. मात्र एसबीएमएलमध्ये मॉडेल असतं, ते किती वेळ आणि कोणत्या पद्धतीनं चालवायचं हे नसतं. त्यासाठी सेडएमएलची फाइल सोबत हवी, आणि ती बहुतेक जण विसरतात.

एका बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. काही टूल्स सॉल्व्हरची, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची, टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) दाखवतच नाहीत. वेगवान आणि संथ क्रिया एकत्र असलेल्या मॉडेलमध्ये ती न बघता आलेखावर विसंबू नये. मी टॉलरन्स दहापट कडक करून आलेख पुन्हा काढतो. बदलला, तर आधीचा आकार सॉल्व्हरचा होता, पेशीचा नव्हता. टॉलरन्स बदलूच न देणारं टूल मीही वापरत नाही.

तुमचं कॅल्शियमचं मॉडेल एसबीएमएलमध्ये काढून, प्राचलं आणि सुरुवातीच्या किमतींसकट, इथे जोडा. मला ते चालवून बघायचं आहे.