आपल्या होडीविषयीच्या अभिप्रायास कारखान्याचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या १५ फुटी फायबर होडीला आपण दोन तारे दिलेत आणि ‘लाटेवर आपटते, अंगावर पाणी घेते, तळाला तडे गेले, कामात माल वाचवला आहे’ असे लिहिलेत. आपल्याला त्रास झाला याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र माल वाचवल्याचा आरोप जिव्हारी लागला आहे. आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक कुणाच्या तरी शब्दावर येते, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

होडी ठरवताना तळाला थोडा व्ही आकार ठेवावा, असे आम्ही सुचवले होते. ओहोटीला कांदळवनाच्या कडेने वीतभर पाण्यातही जिताडा माशाच्या मागे जाता यावे, म्हणून आपण सपाट तळाचा आग्रह धरलात, आणि त्या कामासाठी तो योग्यच आहे. परंतु सपाट तळ लाट कापत नाही, तिच्यावर बसतो. दुपारी खारा वारा सुटला आणि ओहोटीचे पाणी त्याच्या तोंडावर आले की वाशी पुलाच्या दक्षिणेला, खाडी रुंदावते तिथे, आखूड आणि उभ्या लाटा उठतात. तिथे वेग कमी केला नाही तर सपाट तळाची कोणतीही होडी आपटणार, मग तळ कितीही जाड असो.

त्यात आपणच टाकलेल्या फोटोत बॅटरी, बर्फाची पेटी, इंधनाची टाकी आणि दोन माणसे, असे सगळे वजन मागे आहे. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उचलली गेली आहे आणि इंजिनाची टिल्ट पिन, म्हणजे इंजिनाचा कल ठरवणारी पिन, सर्वांत बाहेरच्या भोकात दिसते, ज्यामुळे नाळ आणखी वर जाते आणि लाटेवर जोरात आपटते.

ज्यांना आपण तळाचे तडे म्हणता, त्या जेलकोटवरच्या केसाएवढ्या रेषा आहेत, आणि त्याही तळाला नसून नाळेच्या कोपऱ्यावर, जेट्टीला घासल्याच्या खुणेभोवती आहेत. जेलकोट हा वरचा रंगीत थर असतो. ताकद असते ती त्याखालच्या मॅट आणि रोव्हिंग या काचतंतूंच्या थरांमध्ये. ते थर चढत होते तेव्हा आपण स्वतः शेडमध्ये उभे होता, हे आपल्याला आठवत असेलच.

तरीही त्या रेषा आम्ही विनामूल्य घासून भरून देऊ, आणि यापुढे वजन कसे ठेवावे याची लेखी माहिती देण्याचाही प्रयत्न राहील. तोवर बर्फाची पेटी पुढे सरकवून, पिन एक भोक आत घेऊन दिवाळे जेट्टीवरून एकदा होडी काढावी आणि त्यानंतर ताऱ्यांचा फेरविचार करावा, ही नम्र विनंती.

आपला,
कारखान्याचा मालक, बेलापूर