टोपी काढायची राहिलीच!

पैसे मोजून व्हिस्की आणायची आणि घरी बघावं तर बाटलीच्या मानेवर ती चोरी रोखणारी काळी प्लॅस्टिकची टोपी तशीच! ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत सेल्फ-चेकआउटवर, म्हणजे स्वतःच बिल करायच्या यंत्रावर, हे हमखास. वय तपासायला आलेला माणूस स्क्रीनवर बोट टेकवून पळतो. टोपी काढायचं चुंबक मात्र दुसऱ्याच काउंटरला. दारातलं गेट तरी ओरडावं? ते बंद असलं, किंवा टोपीतला, गेटला खूण देणारा टॅग ५८ किलोहर्ट्झच्या लहरींवर चालणारा आणि गेट ८.२ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारं असलं, की मुकंच. फ्रिजवरच्या चुंबकाला आतलं स्प्रिंगचं कुलूप दाद देत नाही. हातोडी-पक्कड तर नकोच: टोपीआधी काच तडकते, टवका आत पडला की अख्खी बाटली मोरीत. म्हणजे पावती शोधा, परत जा. पावती घेतलीच नसेल तर बँकेच्या ॲपमधला व्यवहार दाखवत उभे राहा. आणि आत शिरताना नेमकं तेच गेट बोंबलतं!