यादीत नाव लागलं, आता आधी इन्व्हर्टर बघा

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की घरची मंडळी पेशंटला गादीवर बसवून टाकतात. 'आता फोन येईपर्यंत आराम करा.' घोळ इथंच होतो. दात्याचा रक्तगट जुळायला हवा, छातीचं माप जुळायला हवं. फोन कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. आणि येईल तेव्हा माणूस ऑपरेशन सोसण्याइतका धड लागतो.

आधी लाईटचं बघा. मिनिटाला ५ लिटर देणारं घरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३५० वॅट ओढतं. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास चालेल, तेही त्यावर टीव्ही-फ्रीज नसेल तर. बॅटरी जुनी असेल तर निम्मेच धरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर तापतो. वळवाच्या पावसात तार तुटली तर पाटण किंवा जतच्या वाडीवस्तीवर तीन तासांनी काय होतंय? म्हणून १५०० लिटरचा बी टाईप सिलिंडर भरलेला हवाच. मिनिटाला २ लिटरनं तो बारा तास पुरतो. महिन्यातून एकदा रेग्युलेटर चढवून काटा बघा. गळती बहुधा वायसरला असते. तिथं तेल-ग्रीस लावू नका, पेट घेतं. देवघरातली समईसुद्धा लांबच.

साखर कारखान्यांचा हंगाम लागला की काजळी मशीनच्या फिल्टरवर बसते. एरवी आठवड्यानं धुता तो दोन दिवसांनी धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा.

चालणं सोडायचं नाही. ऑक्सिजन लावूनच, दिवसातून दोनदा, घरातल्या घरात का होईना. चालताना ऑक्सिमीटर ८८ च्या खाली जात असेल तर थांबा आणि चालतानाचा फ्लो किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या मनानं वाढवलात तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

आणि मिश्री! 'सिगारेट नाही हो, नुसतं दात घासते.' मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, कोटिनीनच्या (निकोटीनची शरीरात उरणारी खूण) तपासणीत ती पकडली जाते.

फोन आल्यावर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. सांगलीहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. पाच तास, मिनिटाला ४ लिटर, म्हणजे १२०० लिटर. गाडीत सिलिंडर दोन टाका, आणि ड्रायव्हरचे नंबरही दोन ठेवा.