सौजन्य : आपण स्वतः

मुलुंड, भांडुप, बोरिवली किंवा अशाच एखाद्या उपनगरात आपण स्थिरावला असाल, सदनिकेचे हप्ते फिटले असतील, मुले परदेशी मार्गी लागली असतील आणि आपण समाजाचे काही देणे लागतो ही जाणीव सकाळच्या फेरफटक्यात छळू लागली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. ही जाणीव वाया जाऊ देऊ नये. तिचा विनियोग कसा करावा याचे ज्ञान उपनगरांतील मुरलेल्या दात्यांकडे भरपूर आहे, परंतु ही मंडळी संकोची असल्यामुळे (संकोच एवढ्या एकाच बाबतीत) ते लिहून ठेवत नाहीत. म्हणून हा खटाटोप.

दान निवडताना गरज पाहू नये, पृष्ठभाग पाहावा. ज्या वस्तूवर नाव कोरता, रंगवता किंवा चिकटवता येते तीच वस्तू दानास पात्र समजावी. बाक, कमान, पाणपोई, स्मशानभूमीतील निवारा, बसथांब्याचे छप्पर, वाचनालयाचे कपाट या साऱ्या उत्तम वस्तू होत. याउलट विजेचे बिल, सफाई कामगाराचा पगार, पंपाची दुरुस्ती, नळाचा वायसर यांवर पाटी लावण्याची सोय अद्याप निघालेली नसल्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाणपोई संगमरवरी बांधावी, तिच्यावर मातोश्रींचे नाव सोनेरी अक्षरांत घालावे, उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते पहिला पेला भरावा. पुढे नळ चोरीला गेला आणि पाणपोई कोरडी पडली तरी खंत करू नये. पाणपोईत पाणी असावे असे पाटीवर कुठे लिहिलेले नसते.

बाकाविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण नवे दाते येथेच चुकतात. ते झाडाखालची सावलीची जागा शोधतात, तेथे बाक बसवतात आणि मग दिवसभर ज्येष्ठ नागरिक त्यावर ठाण मांडून बसल्यामुळे पाठीवरचे ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’ कोणालाच दिसत नाही. बाक नेहमी भर उन्हात, नाल्याच्या काठी किंवा रिक्षाथांब्याच्या समोर ठेवावा, म्हणजे त्यावर कोणी बसत नाही आणि सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाचे वाचन होते. नाव पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी लिहावे. दिवंगताचे नाव लहान अक्षरांत आणि देणाऱ्याचे मोठ्या अक्षरांत असावे, कारण दिवंगतास आता त्या रस्त्याने जायचे नसते.

बाक स्वतःच्या पैशाने देणे जिवावर येत असेल तर दुसराही मार्ग आहे, आणि तो अधिक प्रतिष्ठित मानला जातो. लोकप्रतिनिधी व्हावे. खासदारांच्या स्थानिक विकासनिधीची योजना १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११ पासून ती रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आमदारांना आणि नगरसेवकांनाही आपापले निधी असतात. हे सारे पैसे नागरिकांच्या करांतून येतात ही गोष्ट खरी, पण ती फलकावर घालण्याइतकी रोचक नाही. फलकावर ‘यांच्या संकल्पनेतून आणि अथक प्रयत्नांतून’ असे लिहावे. सिमेंटचा बाक ही संकल्पना मुळात कोणाला सुचली यावर वाद संभवतो, पण प्रत्येक प्रभागात तिचा जनक वेगळा आहे यावर सर्वपक्षीय एकमत आहे.

आता करमणुकीकडे वळू. प्रभागात एखादे मोकळे मैदान शिल्लक असल्यास ते तसेच ठेवणे हे मागासलेपणाचे लक्षण होय. मैदानाचे उद्यान करावे, उद्यानात पेव्हर ब्लॉकची पायवाट घालावी, कारंजे बसवावे, खुल्या व्यायामशाळेची निळी-पिवळी यंत्रे उभी करावीत आणि उरलेल्या जागेत ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा फलक लावावा. मुलांनी खेळायचे कुठे, असा प्रश्न एखादा चिडखोर पालक विचारील. त्याला टर्फचा पत्ता द्यावा, जेथे तासावर पैसे मोजून दिव्यांच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत खेळता येते. व्यायामशाळेच्या यंत्रांचा बोल्ट पहिल्या पावसाळ्यात गंजेल आणि पायडल एका बाजूला लोंबेल. त्याला हात लावू नये. ते दुरुस्त करण्याऐवजी शेजारी नवे यंत्र देणारा दाता हमखास मिळतो, आणि जुन्याच्या फलकावरील नावाचाही मान राहतो.

हास्यक्लब मात्र जरूर काढावा. ही चळवळ आपल्याच उपनगराची देणगी आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतील बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन ती सुरू केली आणि पुढे ती जगभर गेली. सुरुवातीला तेथे विनोद सांगत असत. पुढे सांगण्याजोगे विनोद संपले, तेव्हा विनोदावाचून हसण्याची पद्धत त्यांनी बसवली. उपनगरवासीयांना ही पद्धत इतकी सोयीची वाटली यात नवल नाही. सकाळी ६.११ च्या लोकलला लटकणारा माणूस हसण्यासाठी कारणाच्या शोधात बसला, तर निवृत्त होईपर्यंत गंभीरच राहील.

दानाचा राजमार्ग म्हणजे रक्तदान शिबिर. येथे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागते, ते केवळ दुर्लक्ष करण्यापुरते. संकलित केलेले रक्त साधारणपणे ३५ दिवस टिकते, विशिष्ट द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवसांपर्यंत आणि प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. रक्तपेढ्यांना टंचाई भासते ती मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, कारण तेव्हा महाविद्यालये बंद असतात आणि दाते गावी गेलेले असतात. या सर्व माहितीवरून शिबिर कधी घ्यावे? अर्थातच साहेबांच्या वाढदिवशी. एकाच वाढदिवसाला एकाच रस्त्यावर, एकाच पक्षाच्या दोन गटांची दोन शिबिरे असली तर उत्तम, म्हणजे दात्यांची पळवापळवी होते आणि कार्यक्रमाला रंगत येते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, पण त्यांनी वाढदिवसांचे वेळापत्रक पाहून आपली गरज आखून घेण्यास काय हरकत आहे, हे आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १९९८ पासून बंदी आहे. म्हणून आपण पैसे देऊ नयेत. हेल्मेट, जेवणाचा डबा, प्रवासी बॅग, भिंतीवरचे घड्याळ असे काही द्यावे आणि फलकावर त्यास ‘आकर्षक भेटवस्तू’ म्हणावे. भेटवस्तूवर साहेबांचे छायाचित्र असावे. हेल्मेटवर ते नेमके कपाळाच्या जागी येते.

वह्यावाटपाबद्दल फार लिहीत नाही. मुंबई महापालिका आपल्या शाळांतील मुलांना २७ शालोपयोगी वस्तू विनामूल्य देते आणि त्यांत वह्याही असतात, हे ज्याला ठाऊक असते तो वह्या वाटत नाही, म्हणून ते ठाऊक करून घेऊ नये. छायाचित्र काढताना एका वहीला किमान आठ हात लागलेले असावेत आणि मुलाने वहीकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहावे. मुखपृष्ठावर शिवाजी महाराज आणि मलपृष्ठावर दाता, की उलट, हा निर्णय ज्याच्या त्याच्या विनयशीलतेवर सोडावा.

या सर्वांहून श्रेष्ठ असा प्रकार म्हणजे सेवा-सहल, ज्यात करमणूक आणि दानधर्म एकाच बसभाड्यात साधतात. पावसाळा सुरू होऊन धबधबे वाहू लागले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘चला, आदिवासी बांधवांसाठी काही करूया’ असा संदेश टाकावा. उन्हाळ्यात टाकू नये. तेव्हा डोंगर बोडके असतात आणि छायाचित्रे रूक्ष येतात. घरातले जुने कपडे गोळा करावेत. यात चेन तुटलेल्या जीन्स, लग्नात एकदाच नेसलेली जरीची पण कसर लागलेली साडी, कंपनीच्या परिषदेत मिळालेले टी-शर्ट आणि एक सूटसुद्धा असावा, कारण भातलावणीच्या वेळी कोणाला सूट लागेल हे सांगता येत नाही. मग शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्याकडे प्रस्थान ठेवावे. वाटेत मिसळ खावी, अंताक्षरी खेळावी, पाड्यावर पोहोचताच माणसांना रांगेत उभे करावे आणि वाटप पाऊण तासात आटोपून धबधबा गाठावा. पाड्यावरच्या लोकांना त्या वेळी शेतावर जायचे असते आणि ते आपल्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून थांबलेले असतात, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आपल्याला मिळणारे समाधान शब्दांत मांडता येत नाही. ते परतीच्या वाटेवर गटावर मांडावे.

या प्रवासात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. खिडकीतून बाहेर पाहताना मोठमोठ्या जलवाहिन्या दिसल्या, तर त्या कोठून कोठे जातात हे मुलांना समजावून सांगू नये. मुले चौकस असतात. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातील जवळपास निम्मे एकट्या भातशाचे असते, आणि तेच पाणी पांजरापूर व भांडुपच्या केंद्रांत शुद्ध होऊन आपल्या विसाव्या मजल्यावरील शॉवरमध्ये येते. इकडे त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे मुलांना कळले तर कोण कोणाला दान करीत आहे असा भलताच प्रश्न बसमध्ये उपस्थित होईल आणि अंताक्षरीचा विचका होईल. पाड्यावरच्या बाईला दोन प्लास्टिकच्या बादल्या द्याव्यात आणि त्यांवर सोसायटीचे नाव छापून घ्यावे. बादल्या रिकाम्या असल्या म्हणजे नेण्यास हलक्या पडतात.

इतके करूनही उत्साह उरत असेल तर वाचनालयाला देणगी देण्याचा मोह होईल. तो आवरावा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा; अशा संस्था वर्षानुवर्षे रुपया-दोन रुपयांच्या वर्गणीवर आणि नाव न लावणाऱ्या माणसांच्या खटपटीवर उभ्या राहिल्या, हे त्या काळात दिखाऊ फलकांचे तंत्र प्रगत नसल्याचे द्योतक आहे. ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनात भर घालावी असे कोणी सुचविल्यास विषय बदलावा. त्याऐवजी माळ्यावरची पुस्तके द्यावीत: मुलाची बारावीची गाइडे, कालबाह्य झालेला अभ्यासक्रम, विमा कंपनीच्या दैनंदिन्या. ती स्वीकारली नाहीत तर वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहावे.

वर्गणीबाबत सावध असावे. गणेशोत्सवासाठी वर्गणी गोळा करण्यास मंडळाने धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा दारात आलेल्या कार्यकर्त्यांकडे ती मागण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार मनातल्या मनात बजावावा आणि पावती फाडावी, कारण दुचाकी रात्री खालीच उभी असते.

पावतीवरून आठवले. आयकरात ‘८० जी’ म्हणून परिचित असलेली सवलत रोखीने दिलेल्या देणगीला, ती २००० रुपयांपर्यंत असेल तरच मिळते, वस्तुरूप दानाला ती अजिबात मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तिचा लाभ नाही. ही माहिती सनदी लेखापालाकडून मिळाल्यावर अनेकांची करुणा ओसरते असा अनुभव आहे. अशांनी गुप्तदानाकडे वळावे. गुप्तदान करताना ते किमान तीन विश्वासू व्यक्तींना सांगावे. विश्वासू म्हणजे ज्यांच्या पोटात काही राहत नाही अशा. मग कोणी विचारल्यास ‘अहो, त्याचे काय एवढे’ असे म्हणून खाली पाहावे. किती दिले हे त्यांना आकड्यासह आधीच ठाऊक असते.

शेवटी एक घरगुती अडचण. आपण बाहेर एवढे करीत असताना सोसायटीचा वॉचमन, जो बारा तास एका पाय मोडलेल्या खुर्चीवर बसतो आणि ज्याला आठवड्याची सुट्टी घेतल्यास त्या दिवसाचा पगार मिळत नाही, तो पगारवाढ मागू शकतो. त्याला दिवाळीत मिठाईचा पुडा द्यावा आणि दर सदनिकेमागे महिना पन्नास रुपये वाढवण्याचा हा प्रस्ताव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे आश्वासन द्यावे. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, त्यामुळे आश्वासन पाळणे अवघड नाही. कार्यक्रमपत्रिकेत प्रवेशद्वाराच्या कमानीवर दात्यांची नावे कोणत्या क्रमाने असावीत हा विषय वरच्या बाजूस घ्यावा, म्हणजे त्यावर मनसोक्त चर्चा होते. वॉचमनचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली ठेवावा. तोपर्यंत बटाटेवडे आलेले असतात, आणि त्यांची खोकी वर आणण्यासाठी वॉचमनलाच खाली पाठवलेले असते.