प्लाझ्माने डांबर फोडावे, कोळशाला प्रशस्तिपत्र देऊ नये

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक भागातील माझ्या परिचयाचे काही कारखानदार बॉयलरमध्ये ब्रिकेट (भुशासारख्या जैवभाराच्या दाबून केलेल्या कांड्या) थेट जाळण्याऐवजी त्यांचा वायू करून वापरावा का, याचा विचार करीत आहेत, आणि त्या चर्चेत प्लाझ्माचे, म्हणजे विजेच्या आर्कने अतितप्त केलेल्या वायूचे, नाव हमखास निघते. जैवभाराच्या वायूतील डांबर फोडण्यासाठी प्लाझ्मा जरूर वापरावा. मात्र त्याच्या जोरावर कोळशाला हरित इंधन ठरवू नये, असे माझे मत आहे.

लाकूड, भुसा किंवा बगॅस (उसाचे चिपाड) असा जैवभार अपुऱ्या हवेत तापवला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनबरोबर डांबराची वाफही निघते आणि वायू थंड होताच ती नळीत साचते. असा वायू तयार करणाऱ्या एका भट्टीच्या, म्हणजे गॅसिफायरच्या, नळीचा सांधा उघडलेला मी पाहिला आहे. काकवीसारखा काळा चिकट थर ऑपरेटर पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होता आणि त्या वासाने डोळे चुरचुरत होते. नेहमीचा उपाय म्हणजे वायू पाण्याने धुणे. पण त्यातून फिनॉल या विषारी रसायनाचे सांडपाणी तयार होते, म्हणजे हवेतली घाण पाण्यात जाते, आणि ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी त्याला स्वच्छता का म्हणावे?

प्लाझ्मात विजेच्या आर्कमुळे (दोन इलेक्ट्रोडमधल्या सलग ठिणगीमुळे) तापमान काही हजार अंशांवर जाते, डांबराचे मोठे रेणू तुटतात आणि त्यांचाही इंधनवायू होतो. धुण्याची गरज त्यामुळे बरीच कमी होते.

गोम आहे ती विजेत. महाराष्ट्रातील वीज आजही मुख्यतः कोळशावर तयार होते आणि औष्णिक केंद्रात एक युनिट विजेसाठी साधारण तीन युनिट उष्णता खर्ची पडते. म्हणून सगळा कच्चा माल आर्कखाली घालण्याऐवजी साध्या गॅसिफायरनंतर केवळ वायुशुद्धीकरणापुरता प्लाझ्मा ठेवावा. इंग्लंडमधील टीस व्हॅलीत कचऱ्यापासून वीज करण्याचा मोठा प्लाझ्मा प्रकल्प एअर प्रॉडक्ट्स कंपनीने २०१६ मध्ये सोडून दिला, हेही आठवावे.

कोळशाचाही असा वायू करता येतो, पण त्याचे गणित निराळे आहे. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे केंद्राचे उद्दिष्ट असून, त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. वायूतून गंधक आणि राख वेगळी काढणे सोपे जाते, हे मान्य. पण कोळशातला कार्बन अखेर कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. तो पकडून साठवण्याची सोय नसेल, तर आर्क कितीही तापला तरी त्यात फरक पडत नाही.

विक्रेत्याकडून हजार घनमीटर वायूमागे लागणारी वीज आणि इलेक्ट्रोड किती तासांनी बदलावे लागतात, हे लेखी घ्यावे. आणि ते आकडे ओल धरलेल्या ब्रिकेटवर मोजलेले असावेत, कारण जुलैत आपल्या गोदामांत माल कोरडा राहत नाही.