हेलेबोरची पानं आणि झाडाच्या तोंडचा घास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हेलेबोर म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं, थंड हवामानातलं बारमाही फुलझाड. त्याच्या छाटणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘भर हिवाळ्यात हिरवी पानं कापायला सांगणं म्हणजे झाडाच्या तोंडचा घास काढणं. असली अर्धवट माहिती पसरवू नये.’ मतभेदाला माझी ना नाही. पण पहिल्यांदाच कुणाच्या घरी जाताना लाथ मारून दार उघडायची पद्धत निदान मला तरी ठाऊक नाही.

आता त्या घासाबद्दल. मी लिहिलं होतं ते संकरित हेलेबोरवर. त्याची पानं आणि फुलं जमिनीलगत, वेगवेगळ्या देठांवर येतात. गेल्या वसंतात फुटलेल्या पानाने हिवाळा येईपर्यंत आपली कमाई जमिनीखालच्या गड्ड्यात जमा केलेली असते. त्या साठ्यावरच कळ्या वर येतात आणि मागोमाग नवी पानं. दिवस लहान, ऊन तिरपं. म्हातारं पान त्या काळात अजून कितीसं कमावणार?

एकदा गुडघे टेकून ती जुनी पानं बाजूला सारा आणि बघा. आत मान खाली घातलेल्या जांभळट कळ्या असतात, आणि त्यांच्या आसपास दबा धरून बसलेल्या गोगलगाई. पानावर काळपट तपकिरी डाग असतील, तर नीट पाहिल्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. ही बुरशी. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर ती कोवळ्या देठांवर जाते आणि मग कळीसकट देठ मोडतो. म्हणून कळ्या वर यायच्या आत जुनी पानं तळाशी कापायची. उशीर केलात तर पानाबरोबर फुलाचा देठही कात्रीत येतो.

मी ही झाडं बियांपासून वाढवते. पेरल्यापासून पहिलं फूल दिसायला साधारण 3 वर्षं जातात. एवढी वाट बघणारी बाई झाडाला उपाशी मारेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? माझ्याकडची सगळ्यात जुनी झाडं दर हिवाळ्यात मुंडण करून घेतात आणि तरीही भरभरून फुलतात.

एक मान्य: चीक अंगाला लागला तर आग होते, तेव्हा हातमोज्यांचं मी लेखाच्या शेवटी लिहिलं ते आधी यायला हवं होतं.

तुमचे बाकीचे प्रश्न किरकोळ आहेत. हेलेबोरस फीटिडससारख्या जातींत पानं असलेल्या खोडाच्याच शेंड्याला फुलं येतात. तिथे हिवाळ्यात कात्री लावायची नाही, फुलून गेलेलं खोड नंतर काढायचं. लेख त्यांच्यावर नव्हताच. लहान रोपांची फक्त डागाळलेली पानं काढा. खत दोनदा कशाला, असं विचारलंयत. एकदा छाटणीनंतर नवी वाढ सुरू होताना, कुजलेल्या पाल्याच्या आच्छादनासोबत (गड्ड्याचा माथा झाकू नका, सडतो). दुसऱ्यांदा उन्हाळा सरताना, पुढच्या हंगामाच्या कळ्यांसाठी. नत्र हात राखून, नाहीतर नुसता पाला माजतो. झालं.

आणि हो, ‘मी तर जुनी पानं बुंध्याशीच कुजू देतो’ असंही तुम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितलंय. डागाळलेली पानं तिथे ठेवलीत तर तीच बुरशी पुढच्या वर्षी नव्या पानांवर चढणार. ती कंपोस्टमध्येही टाकू नका. आधी ती उचला, मग कुणाची माहिती अर्धवट ते बोलू.