साठीनंतर मिळणारा वेळ

पुण्यात एखाद्या पोरानं काही भयंकर केलं की दोन दिवसांत चर्चा त्याच्या घरापर्यंत पोचते, आणि घरात शिरली की ती आईपाशी येऊन थांबते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळानं त्याला काही तासांत जामीन दिला, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि शहर पेटून उठलं. कोयते घेऊन रात्री वस्तीतल्या गाड्या फोडणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं पकडली जातात तेव्हाही घरच्या संस्कारांचा विषय निघतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. मुलींनी काय काळजी घ्यावी हे सांगणाऱ्यांना त्या वेळी पुष्कळ जणींनी खडसावलं, मुलींना सांगू नका, मुलांना शिकवा. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला बसून हे वाचत होते. मला दोन मुलगेच आहेत, सात आणि चार वर्षांचे. मला ते मनापासून पटलं.

पण शिकवायचं कोणी, हे त्यात कोणी म्हणत नव्हतं. न म्हणताही सगळे आईच धरून चालतात.

मला हे मान्य नाही. आईनं सांगितलेलं मुलगा ऐकतो, पण पुरुष म्हणून कसं राहायचं हे तो बापाकडे बघून उचलतो, आणि त्यासाठी बाप त्याच्या नजरेसमोर असावा लागतो, आठवड्यातून एक रविवार नव्हे, रोज. स्वीडनमध्ये राहून माझं मत असं झालंय की हा वेळ बापाला उपदेशानं मिळत नाही. तो कायद्यानं काढून द्यावा लागतो.

इथला आमचा दिवस साधा आहे. सकाळी सहाला उठायचं, हिवाळ्यात दोघांना कपड्यांचे तीन-तीन थर चढवायचे, वरून पावसाळी विजार, अंधारातच बाहेर पडायचं. धाकटा बालवाडीत, मोठा पहिलीत. डबा नसतो. शाळेतलं दुपारचं जेवण फुकट असतं आणि ते कायद्यानंच द्यावं लागतं. धाकट्याला ताप आला की बालवाडीतून फोन येतो, आणि तो जितका मला येतो तितकाच नवऱ्याला. तो साहेबाला सांगतो, मुलगा आजारी आहे, मी घरी चाललो. बायको कुठे आहे असं त्याला कोणी विचारत नाही. बारा वर्षांखालच्या आजारी मुलासाठी वर्षाला १२० दिवसांपर्यंत आई किंवा बाबा घरी राहू शकतात आणि सरकारी विम्यातून पगाराचे ऐंशी टक्क्यांच्या जवळपास पैसे मिळतात. त्यामुळे आमच्या धाकट्याला ताप आणि बाबा ही जोडी पक्की ठाऊक आहे. उलटी झाली की तो त्यालाच हाक मारतो.

स्वीडिश पुरुष जन्मतःच असे असतात, हा पुण्यात आमच्या नातेवाइकांमध्ये पक्का समज आहे. तो खरा नाही. स्वीडननं १९७४ साली बाळंतपणाची रजा मोडीत काढून आई-बाप दोघांची मिळून एक रजा केली. जगात असं पहिल्यांदा झालं. बापांनी ती घेतलीच नाही. मग प्रचार झाला, एका नावाजलेल्या वजन उचलणाऱ्या पहिलवानाच्या दंडावर तान्हं बाळ देऊन त्याचं पोस्टर गावोगाव लावलं. तरी वीस वर्षांत फारसा फरक पडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी एक महिना असा राखून ठेवला की बापानं घेतला नाही तर तो बुडेल, आईला मिळणार नाही. त्यानंतर बाप घरी राहायला लागले. २००२ मध्ये दुसरा महिना राखला, २०१६ मध्ये तिसरा. आज एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० आईचे आणि ९० बापाचे, एकमेकांना देता न येणारे. रजा बुडणार म्हटल्यावर माणूस ती मागतो, आणि सगळेच मागायला लागले की साहेबालाही ती द्यावी लागते. आजही पुरुष एकूण दिवसांपैकी तीस टक्क्यांच्या आसपासच घेतात, म्हणजे निम्मं इथेही झालेलं नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी हे लोक आपल्यासारखेच होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, त्याचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, हीसुद्धा त्याच दुरुस्तीतली तरतूद. तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा मात्र आईला. बापानं चार वेळा सोडा, एकदा जावं असंही कोणाच्या मनात आलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात, ती त्यांची मर्जी. शिवाय स्वीडनमध्ये या रजेचे पैसे मालकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या सरकारी विम्यातून जातात, सगळ्यांवर वाटून. आपल्याकडे कर्मचारी विमा योजनेबाहेरच्या बाईचा रजेतला पगार तिच्याच मालकाला द्यावा लागतो. मग मुलाखतीत लग्न झालंय का, मुलांचं काय ठरलंय, हे तिलाच का विचारतात ते वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मेपासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. आई कागदावर आली याचा मला आनंद आहे. आता बाप घरातल्या कामात यायला हवा. केंद्र सरकारची २०२४ ची वेळेच्या वापराची पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. असे पुरुषही मुळात थोडेच. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना हे आकडे सांगावे लागत नाहीत. शाळेनं छापून दिलेला डब्याचा तक्ता त्यांच्या फ्रिजवर लावलेला असतो, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, छोट्या सुट्टीचा खाऊ वेगळा आणि तो बेकरीतला चालणार नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या आयाच असतात. चित्रकलेच्या वहीपासून जंताच्या गोळीपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यात. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला तेव्हा वाहतूक, स्कूलबसच्या फेऱ्या, मुलांची झोप, सगळ्यावर चर्चा झाली. नऊला शाळा म्हटल्यावर मुलाला सोडून ऑफिस कोण गाठणार, हा प्रश्नही निघाला, आणि मैत्रिणींच्या घरोघरी तो त्यांच्याच अंगावर आला.

पुण्यातल्या बाबांना मी वाईट म्हणत नाही. सकाळी पोराला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडणारे कितीतरी बाबा आहेत, आणि ती पाच-दहा मिनिटं दोघांचीही लाडकी असतात. पण हिंजवडीहून सिंहगड रोडला घरी यायला रात्रीचे साडेआठ वाजत असतील तर मुलगा बापाला बघतो तो दमलेला, मोबाइलसमोर जेवणारा आणि ताट तिथेच ठेवून उठणारा. त्या बापाच्या मनात मुलाला असं काही शिकवायचं नसतं.

हे स्वभावाचं नाही, वेळेचं आहे, याचा पुरावा मला माहेरीच दिसतो. माझे वडील बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मंडईची पिशवी घेऊन निघतात. पालेभाजी निवडायची ती त्यांनीच, पेपर पसरून, मेथीची एक काडी राहू देत नाहीत. नातवंडांना अंघोळ घालतात, सारसबागेत नेतात, फुलराणी आगगाडीत बसवतात, झोपताना गोष्ट सांगतात. मी लहान असताना ते यातलं काही करत नव्हते, घरी यायचे तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत असे आजोबा आहेत. साठ वर्षांचा पुरुष एका महिन्यात भाजी निवडायला शिकतो आणि त्याला ते आवडतंही. म्हणजे येत नाही, आवडत नाही, हे खरं नव्हतं. पण मुलाला बाप हवा असतो तो चौथ्या वर्षी.

गेल्या उन्हाळ्यात सासरी, बिबवेवाडीला, नवरा गच्चीवर कपडे वाळत घालत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "अरे, तू कशाला उठलास, ती घालेल ना." माझा पुतण्या मोठ्याला विचारत होता, काका का घालतोय, काकू आजारी आहे का? मोठ्याला प्रश्नच कळला नाही. दुपारी सगळे झोपल्यावर सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं बरं आहे गं. आमच्या ह्यांनी पोराला कधी मांडीवर घेऊन भरवलं नाही. घ्यावंसं वाटलं असेल त्यांनाही. पण त्यांची आई काय म्हणेल!" त्यांच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. मला त्या दोघांसाठी वाईट वाटलं.

मुलींनी काय शिकावं यावर पुण्याइतकं कुठलं शहर भांडलं असेल असं मला वाटत नाही. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं. १८८४ मध्ये हुजूरपागेत मुलींचं हायस्कूल सुरू झालं, तर मुलींना एवढं इंग्रजी कशाला, घराला उपयोगी पडेल ते शिकवा, म्हणून केसरीनं टीकेची झोड उठवली. त्या भांडणात जे ठाम उभे राहिले त्यांच्यामुळे माझी आजी शिकली, आई शिकली, मी इथे नोकरी करते. मुलग्यांनी घराला उपयोगी पडेल असं काय शिकावं, यावर मात्र शहरात एकही मोठा वाद झाला नाही. इथल्या शाळेत स्वयंपाक आणि घर चालवणं हा सक्तीचा विषय आहे, मुलग्यांनाही. शिवणही शिकतात, सुतारकामही, दोघं दोन्ही.

आता इथलं दुसरं चित्रही सांगायला हवं. बापाच्या रजेनं सगळे मुलगे सावरले असं झालेलं नाही. मोबाइलवरून चौदा-पंधरा वर्षांची पोरं हेरून त्यांच्याकडून गोळीबार करवून घेणाऱ्या टोळ्या हा आज स्वीडनचा सगळ्यात दुखरा प्रश्न आहे. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षेचं वय पंधरावरून तेरावर आणायचा प्रस्ताव सरकारनं २०२५ मध्ये मांडला, त्यावर कडाक्याचा वाद झाला, आणि पोर्शेनंतर पुण्यात जे ऐकलं तेच शब्द मला इथे पुन्हा ऐकू आले. शहरांच्या कडेच्या वस्त्या उरलेल्या शहरापासून तुटलेल्या आहेत. तिथल्या पोराला घरात बाप मिळाला तरी बाहेर काम, मित्र, मान काहीच मिळत नाही. शिवाय इथे आजी नाही, मावशी-मामा नाही, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी वीस पोरं नाहीत आणि त्यांना गॅलरीतून ओरडणाऱ्या शेजारच्या काकू नाहीत. माझ्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं मोजकी आहेत. पुण्याची ही श्रीमंती मला रोज जाणवते.

पण या श्रीमंतीचा हिशेब करताना आपण एक माणूस नेहमी गाळतो. आईच्या घरी पोळ्या आणि भांडी करणाऱ्या मावशींना दोन मुलगे आहेत, माझ्यासारखेच. सकाळी सातला त्या घराबाहेर पडतात, पाच घरं करतात, परत जायला संध्याकाळ होते. नवरा इमारतींवर रंगकाम करतो, काम मिळेल तिथे. दुपारी शाळा सुटल्यापासून पोरं वस्तीत एकटी. माझ्या भाचरांची ताटं त्या घासतात, म्हणून आमच्या घरातल्या कुठल्याच पुरुषाला कधी ताट घासायची वेळ आली नाही. कोयत्यांची बातमी येते आणि पडद्यावर कोणी तावातावानं विचारतं, या पोरांचे आई-बाप काय करत होते, तेव्हा मला मावशींचा चेहरा दिसतो. त्या आमच्याच घरी काम करत होत्या. सव्वीस आठवड्यांची रजा त्यांना नव्हती. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण दुपारी पोरांकडे कोण बघणार, याचं उत्तर त्यात नाही. इथे बालवाडीची फी उत्पन्नावर ठरते आणि तिला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे आमचं ऑफिस झाडणाऱ्या बाईचा मुलगा आणि माझा धाकटा एकाच टेबलावर जेवतात.

म्हणून बापाच्या रजेची मागणी हिंजवडी-खराडीच्या लोकांनी जरूर करावी, न घेतल्यास बुडणाऱ्या रजेची करावी, आणि शाळांनी वर्गाच्या ग्रुपवर बाबांचे नंबर आजच घालावेत. पण पुणे महापालिकेकडे त्याआधी काही मागायचं असेल तर मी मावशींच्या मुलांसाठी दुपार मागेन. एका पाळीत भरणाऱ्या मनपा शाळांची पटांगणं आणि दोन-तीन वर्ग संध्याकाळी सहापर्यंत उघडे राहावेत, पोरांना खायला मिळावं, आणि त्यांच्याशी खेळायला, अभ्यास घ्यायला माणसं नेमावीत, त्यात निम्मे पुरुष असावेत. दिल्लीच्या कायद्यासाठी थांबायची त्याला गरज नाही.